पेरूचा पाला आणि कसोटीचा दगड
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे. वैद्य नाही, हकीम नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. तेव्हा औषधाच्या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की मी आज औषध सांगायला उभा नाही. एखादे औषध खरे की खोटे हे ठरवायचे कसे, त्याची रीत सांगायला उभा आहे. ही रीत समजण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. सरळ विचार करण्याची तयारी असली म्हणजे पुरे.

विषय आपल्या परसातलाच निवडला आहे. आजऱ्यात, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, पेरूचे झाड नाही असे परडे शोधूनच काढावे लागेल. आपल्याकडे काही घरांत त्याला दखनी बोलीत ‘जाम’ म्हणतात. पोट बिघडले, जुलाब लागले, की घरातील आजी किंवा दादी सांगते, “जामाची कवळी पाने आण, काढा करते.” यावर घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने, वाडवडील काय वेडे होते? दुसरा, म्हणजे कॉलेजात गेलेला पक्ष म्हणतो, हा अडाणीपणा आहे. मला असे दिसते की दोन्ही पक्ष एकाच गोष्टीला टाळतात. ती गोष्ट म्हणजे परीक्षा. सोने आहे की पितळ हे सोनार वयावरून ठरवीत नाही. तो ते कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. पेरूच्या पाल्याला असे कोणी घासून पाहिले आहे काय? होय, पाहिले आहे, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात. पण ती हकीकत सांगण्यापूर्वी जुलाब म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू.

जुलाबाने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. लहान मूल म्हणजे लहान घागर. ती लवकर रिकामी होते. म्हणून जुलाबावरचा पहिला उपाय ‘थांबवणे’ हा नसून ‘भरून काढणे’ हा आहे. ही गोष्ट जगाला पटवून देण्यात एका भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण आधी ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आले. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून रक्तात शिरते आणि आपल्यामागे पाणी ओढून नेते, हे त्यामागचे साधे इंगित. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

मग पाल्याची गरजच काय, असे आपण विचाराल. गरज अशी, की मीठ-साखरेचे पाणी जीव वाचवते, पण जुलाब लगेच थांबवीत नाही. आईला मात्र जुलाब थांबलेले पाहायचे असतात. तिच्या या अधीरतेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या अधीरतेपायी दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या जातात, नको तेथे प्रतिजैविके पोटात जातात, आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी जंतू त्याच प्रतिजैविकांना दाद देईनासे होतात. अशा वेळी परसातल्या झाडाचा पाला, मीठ-साखरेच्या पाण्याच्या जोडीला, खरोखरच काही काम करीत असेल तर ते जाणून घेणे गरिबाच्या फायद्याचे आहे. आणि तो काही काम करीत नसेल, तर तेही कळणे तितकेच फायद्याचे आहे.

आता एक गंमत पाहा. ज्याला आपण वाडवडिलांचे औषध म्हणतो, तो पेरू मुळात या देशाचा नव्हेच. त्याचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. सोळाव्या-सतराव्या शतकांत समुद्रापलीकडचे व्यापारी येऊ लागले, तेव्हा तो आपल्याकडे आला. उर्दूत त्याला अमरूद म्हणतात, पण फारसीत अमरूद म्हणजे नासपती. नव्या पाहुण्याला जुन्या ओळखीचे नाव दिले गेले, इतकेच. म्हणजे चरक-सुश्रुतांनी पेरूचा पाला पाहिला नव्हता आणि इब्न सिनानेही पाहिला नव्हता. तरीसुद्धा आपल्या आज्यांनी त्याचा गुण हेरला. कसा हेरला असेल? कोणीतरी वापरून पाहिला, शेजारणीला सांगितला, तिने वापरला. ही एक प्रकारची परीक्षाच होती. फक्त तिची नोंद कोणी ठेवली नाही, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची गोष्ट कोणी सांगितली नाही. गुण आलेला माणूस दहा घरी सांगत सुटतो. गुण न आलेला गप्प बसतो. परंपरेची कमकुवत बाजू ती हीच.

शिवाय जुलाबाचे आणखी एक कोडे आहे. साधे जुलाब बहुधा काही दिवसांत आपोआप थांबतात. तेव्हा तिसऱ्या दिवशी बरे वाटले ते पाल्याने, की दिवस भरले म्हणून? एका घरातील एका रोग्यावरून हे कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी दोन गट हवेत. एकाला पाला द्यावा, दुसऱ्याला देऊ नये, बाकी सर्व सारखे ठेवावे, आणि मग दिवस मोजावेत.

ही कल्पना पाश्चात्त्यांचीच आहे असे कोणी समजू नये. रय शहरचा हकीम अबू बक्र अल्-राझी हजार-अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. मेंदूच्या दाहाची लक्षणे दिसणाऱ्या रोग्यांच्या एका गटाचे रक्त काढून आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम न काढता त्याने फरक पाहिल्याची नोंद त्याच्या लिखाणात आहे. १०३७ साली वारलेल्या इब्न सिनाने तर ‘अल्-कानून’ या ग्रंथात औषधाच्या परीक्षेचे नियमच घालून दिले. औषध निर्भेळ असावे, रोग एकच असावा, गुंतागुंतीचा नसावा. गुण किती वेळाने येतो ते पाहावे. तो वारंवार येतो की एखाद्या वेळीच, हे पाहावे. आणि परीक्षा माणसावर व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे घडेल तेच माणसावर घडेल असे नाही. आपल्या थोर पुरुषांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांची रीत घेतली, तर तो अभिमान सार्थकी लागेल.

आता मूळ हकीकतीकडे येतो. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात परिंचे नावाचे गाव आहे. प्रख्यात शल्यविशारद डॉ. नोशीर अंतिया यांच्या पुढाकाराने या खोऱ्यात गावच्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देण्याचे काम उभे राहिले. लोक त्यांना ‘ताई’ म्हणत. या खोऱ्यात जुलाबावर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती मुंबईच्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेत तपासण्यास घेण्यात आल्या. डॉ. तन्नाझ बिर्डी, पूनम दासवानी, एस. ब्रिजेश आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले. पेरूचा पाला, कच्चे बेलफळ, नागरमोथ्याचे कंद, करंजाचा पाला, अशा एकेक वस्तूला त्यांनी हात घातला.

त्यांनी पाला घेतला, तो प्रथम वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळखून घेतला, वाळवला, आणि आयुर्वेदातील काढ्याच्या रीतीने एक भाग पाल्याला सोळा भाग पाणी घालून चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवला. म्हणजे घरात होतो तसाच काढा, पण मोजून-मापून. मग त्यांनी प्रश्न बारीक केला. ‘काढा गुणकारी आहे काय?’ असे मोघम न विचारता, जंतू आतड्यात शिरून नेमके काय काय करतो, त्याच्या पायऱ्या पाडल्या. जंतू आधी जगतो व वाढतो. मग तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो. रक्ती आवेचा जंतू अस्तराच्या आत घुसतो. पटकीचा जंतू विष सोडतो, ते विष अस्तराला डसते आणि पाणी वाहू लागते. या प्रत्येक पायरीवर काढा काय करतो, ते त्यांनी निरनिराळे पाहिले. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांत वाढविलेल्या मानवी पेशी त्यासाठी वापरल्या.

२०१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा. पेरूच्या पाल्याचा काढा पटकीचा जंतू आणि आवेचा एक जंतू यांना मारक ठरला. विष तयार होणे आणि ते डसणे, ही दोन्ही कामे त्याने कमी केली. जंतूंचे चिकटणे व घुसणे यांनाही आळा घातला. पण जुलाबाच्या जंतूंचे आणखी एक विष असते, जे उष्णतेनेही नष्ट होत नाही. त्यावर काढ्याचा काही परिणाम झाला नाही. विद्यार्थी मित्रहो, हे शेवटचे वाक्य मला सगळ्यांत मोलाचे वाटते. जेथे गुण आला नाही तेही त्यांनी छापले. जाहिरात आणि संशोधन यांतला फरक ओळखायचा असेल, तर हे वाक्य शोधावे.

बेलफळाची गोष्ट आणखी शिकवण देणारी आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कच्च्या बेलफळाच्या काढ्याने तपासलेल्या सहा जंतूंपैकी एकालाही मारले नाही. कोणी घाईने म्हणाले असते, झाले, बेलफळ निकामी! पण पुढच्या पायऱ्या पाहिल्या तेव्हा दिसले, की जंतू जिवंत राहूनही अस्तराला कमी चिकटतात, आत कमी घुसतात, आणि पटकीचे विषही कमी डसते. शिवाय मुलांच्या जुलाबास कारण होणाऱ्या रोटा विषाणूला हा काढा मारक ठरला. चोराला जिवे मारले नाही, पण दाराला कडी लावली, तरी घर वाचतेच. चुकीचा प्रश्न विचारला, तर खरे औषधही नापास होते. आम्हा शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पेरूच्या पाल्यात क्वेर्सेटिन नावाचे द्रव्य असते. गुण त्याचाच असावा असा तर्क होता. म्हणून ते वेगळे काढून तपासले. त्याने जंतूंचे घुसणे थांबवले, पण जंतूंना मारले नाही, विषावरही काही केले नाही. म्हणजे अख्ख्या काढ्यात जे सामर्थ्य होते, ते या एकट्या द्रव्यात नव्हते.

येथवर झाले ते काचेच्या भांड्यात. इब्न सिनाचा नियम आठवा, शेवटची परीक्षा माणसावर. तीही झाली. संसर्गाने जुलाब लागलेल्या १०९ प्रौढ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडण्यात आले. एका गटाला फक्त मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे ओ.आर.एस. दिले. उरलेल्या तीन गटांना ओ.आर.एस. तर दिलेच, शिवाय पाल्याचा काढा कमी-अधिक मात्रांत दिला. एका गटाला सहा पानांचा, एकाला दहा पानांचा, एकाला चौदा पानांचा. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दहा पानांचा काढा दिवसातून तीन वेळा घेणारा गट सर्वांत चांगला ठरला. त्या गटातील रोगी ७२ तासांत पूर्ववत झाले, नुसते ओ.आर.एस. घेणाऱ्यांना १२० तास लागले. पाच दिवसांचे दुखणे तीन दिवसांवर आले. हातावर पोट असलेल्या माणसाला या दोन दिवसांची किंमत मी सांगायला नको. दोन दिवसांचा रोजगार म्हणजे घरची चूल.

तेव्हा आजी जिंकली, असे म्हणून टाळ्या वाजवाव्यात काय? जरूर वाजवा, पण पुढचे ऐकून वाजवा. पहिली गोष्ट, ही परीक्षा प्रौढांवर झाली. यावरून दोन वर्षांच्या लेकराला काढा पाजावा असे सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट, काढा ओ.आर.एस.च्या जोडीला होता, त्याच्या ऐवजी नव्हता. तिसरी गोष्ट, कोणाला काढा मिळतो आहे हे रोग्याला व डॉक्टरला माहीत होते. कडू काढा लपवणार तरी कसा? पण माहीत असले की मन थोडे तिकडे झुकते, हे मान्य केले पाहिजे. चौथी गोष्ट, १०९ ही संख्या चार गटांत वाटली म्हणजे गटात जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस माणसे. अधिक माणसांवर, निरनिराळ्या ठिकाणी हे पुन्हा दिसले पाहिजे. पाचवी गोष्ट, जात, ऋतू आणि जमीन बदलली की पाल्यातील द्रव्येही कमी-जास्त होतात. म्हणजे पेरूचा पाला कसोटीच्या दगडावर उतरला आहे, पण अजून त्याच्यावर पूर्ण शिक्का बसलेला नाही.

असल्या परीक्षेतून मोठी कामे झालेली आहेत. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रोग्यांवर पडताळून पाहिला. १९४९ साली त्यांचा लेख इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तेव्हा जगभरचे डॉक्टर या मुळीकडे वळले. मुळी शतकानुशतके इथेच होती. कमतरता होती ती मोजणाऱ्याची.

परीक्षा न करता विसंबण्यात धोका कसा असतो, त्याचे एक उदाहरण आपल्या रानातलेच घ्या. आवेवर कुड्याची साल आणि इंद्रजव ही जुनी औषधे. पण कुडा दोन प्रकारचा. पांढऱ्या कुड्याचे बी कडू, तर काळ्या कुड्याचे त्या मानाने गोडसर. हकीम लोक एकाला ‘इंद्रजौ तल्ख’ म्हणतात, दुसऱ्याला ‘इंद्रजौ शीरीं’. झाडे दिसायला जवळपास, पण जात वेगळी, गुणही वेगळे. बाजारात एकाच्या जागी दुसरे खपवले जाते. नुसते ‘कुडा चांगला’ म्हणणाऱ्याला हे कळणार नाही. म्हणून संशोधकाचे पहिले काम औषध उकळणे हे नसून झाड ओळखणे हे असते.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्यासाठी चारच गोष्टी सांगतो. घरात जुलाब लागले की पहिल्या तासातच ओ.आर.एस. सुरू करा. पाकीट किती पाण्याचे आहे ते त्यावर वाचा आणि तेवढ्याच पाण्यात सगळे पाकीट कालवा. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चव आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. दुसरे, अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. तिसरे, लहान मुलांना ओ.आर.एस.बरोबर चौदा दिवस झिंकची गोळी द्यावी असा सरकारी आरोग्य विभागाचा सल्ला आहे. ती आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मागा, मात्रा त्यांनाच विचारा. चौथे, मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, पाणी पोटात ठरेना, शौचावाटे रक्त पडले, तर कोणत्याही पाल्याची वाट न पाहता दवाखाना गाठा. मोठ्या माणसाने पाण्याच्या जोडीला पेरूचा काढा घेतला तर त्याला आधार आहे. पण काढा हा पाण्याचा जोडीदार आहे, वारस नव्हे.

आणि विद्यार्थी मित्रहो, विशेषतः मुलींनो, तुम्हाला एक काम सांगतो. एक वही करा. घरातील आजीला, नानीला, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणत्या दुखण्यावर कोणते झाड, त्याचा कोणता भाग, ओला की वाळलेला, किती, किती पाण्यात, किती वेळ उकळलेला, कोणाला दिला, किती दिवसांनी बरे वाटले. आणि न विसरता विचारा, की कोणाला गुण आला नाही? हे शेवटचे रकाने रिकामे ठेवू नका. झाडाची डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, तारीख आणि ठिकाण लिहा. मात्र कोणावर प्रयोग करू नका. तुमचे काम नोंदीचे. प्रयोगाचा अधिकार शिक्षणाने आणि परवानगीने मिळतो. तो मिळवायचा असेल तर दहावी-बारावीवर थांबू नका. वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण, जंतुशास्त्र, आयुर्वेद, युनानी, या सर्व वाटा तुमच्यासाठी खुल्या आहेत. ज्यांच्या कामाची हकीकत मी आत्ता सांगितली, त्यांत बायका आघाडीवर होत्या, हे घरी गेल्यावर आपल्या वडिलांना जरूर सांगा.

म्हातारी माणसे जातात तेव्हा त्यांच्याबरोबर पुष्कळ ज्ञान जाते आणि पुष्कळ गैरसमजही जातात. त्यांतले कोणते काय होते हे ठरवायला मागे नोंद तरी उरली पाहिजे. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात निदान दहा वह्या या टेबलावर दिसाव्यात, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.